मुलाचं वाचन अडतंय कुठे ते आधी शोधा, मग घरी सराव घ्या

मूल वाचताना अडखळलं की आपण लगेच म्हणतो, अजून वाच, रोज वाच. पण वाचनात दोन वेगळी कामं असतात, एक म्हणजे अक्षरं जुळवून शब्द म्हणायचा आणि दुसरं त्याचा अर्थ लावायचा. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये हे गुणाकारासारखं मांडलं, म्हणजे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. त्यामुळे नुसतं 'वाच' म्हणण्याआधी आपलं मूल नेमकं कुठे अडतंय ते बघा.

हे घरीच कळतं. एक छोटा नवीन उतारा त्याला वाचायला द्या आणि काय कळलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी साधारण तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा. ऐकून कळलं पण स्वतः वाचून नाही, तर अडचण अक्षरं जुळवण्यात आहे. ऐकूनही नाही कळलं तर शब्द किंवा विषयाची माहिती कमी पडतेय, तिथे अक्षरांचा कितीही सराव घेतला तरी उपयोग नाही. दोन्हीकडे थोडं थोडं अडतंय असंही असू शकतं.

जुळवण्यात अडत असेल तर पहिली गोष्ट म्हणजे शब्द लगेच सांगून टाकू नका, मनात पाच आकडे मोजा, बरेचदा तेवढ्यात ते स्वतःच काढतं. आणि चित्र बघून ओळख असं तर अजिबात सांगू नका प्लीज, कारण अंदाजाची सवय लागली की चित्रं नसलेली पुस्तकं हातात आल्यावर पंचाईत होते. मराठीत दोन जागा हमखास नडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो पण म्हणतो नंतर, आणि रफार बरोबर उलटा, र् आधी म्हणायचा आणि खूण मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून 'पर्वत'चं 'पवर्त' होतं. अशा वेळी कागदावर 'पर् वत' असं फोडून लिहा, दोनदा म्हणून घ्या, मग शेजारी 'पर्वत' लिहा. 'विद्यार्थ्यांसाठी' सारखा लांबलचक शब्द आला तर शेवटचं 'साठी' बोटाने झाका, उरलेला तुकड्या तुकड्याने म्हणू द्या, मग बोट काढा.

शब्द येतायत पण वाचन रडतखडत चाललंय, तर तोच उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्या. आधी तुम्ही वाचा, मग त्याने. सॅम्युअल्स या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही वापरतात आणि मुलांना ती आवडते कारण चौथ्या वेळी आपण सुधारलोय हे त्यांनाच ऐकू येतं.

अर्थाकडे अडत असेल तर उपाय वेगळा, गप्पा आणि वाचून दाखवणं. मूल स्वतः वाचायला लागलं की बरेच पालक वाचून दाखवणं बंद करतात, माझ्या मते तिथेच नुकसान होतं, कारण त्याला ऐकून जे समजतं ते अजून बरीच वर्षं स्वतः वाचून समजणाऱ्या गोष्टींपेक्षा अवघड असतं. वाचताना मधेच थांबून 'हा असं का वागला असेल?' असं विचारा, हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळा. विषयाची माहिती किती कामाला येते याचं उदाहरण १९८८ च्या एका प्रयोगात आहे, रेक्ट आणि लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा उतारा दिला, तर वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. तेव्हा तुमच्या मुलाला किडे आवडत असतील तर किड्यांवरचीच पुस्तकं द्या, अगदी सलग दहा दिली तरी चालतील.

पुस्तक निवडताना एक पान वाचायला सांगा, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाचही बोटं संपली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मूल रडकुंडीला आलं तर तिथेच थांबा आणि पुढचं तुम्ही वाचा, ओरडून वाचून घेतलेलं पान काही शिकवत नाही. काही महिने नीट सराव करूनही साधे शब्द जमत नसतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि शिक्षकांशी बोलून डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यात सतत येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी काही संबंध नसतो आणि मदत जितकी लवकर मिळेल तितकं मुलाला सोपं जातं.