आजोबांची पदके: ओळखावीत कशी, लावावीत कशी

जुन्या ट्रंकेत फितीसकट चार-पाच पदके सापडली की घरात पहिला प्रश्न येतो, "ही कुठल्या पराक्रमाबद्दल मिळाली?" बहुतेक वेळा उत्तर असते, कुठल्याच नाही. वीर चक्र हे शौर्यपदक. मोहिमेचे पदक मात्र ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागात नेमणुकीवर असलेल्या सगळ्यांना मिळते. कोणी खंदकात असो की लंगरात रोट्या भाजत असो. पण आजोबा तेव्हा कुठे होते, हे सांगायला त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आधी कड वाचा. पदक उभे धरून कडेवर तिरपा उजेड पाडला की नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण दिसते. ते डिस्चार्ज बुकातल्या (फौज सोडताना मिळालेल्या सेवा-पुस्तकातल्या) नोंदीशी ताडून बघा. चकाकी आणायच्या हौसेने पितळ घासायचे पॉलिश मात्र लावू नका. ही अक्षरे उथळ असतात, दरवर्षीच्या घासण्याने पुसली जातात. कोरडे सुती फडके पुरे.

आता पदक कोणते ते ओळखा. मधोमध वर पाते केलेली भवानी तलवार असेल, तर ते 'जनरल सर्व्हिस मेडल १९४७'. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. परमवीर चक्रही त्यांनीच घडवले. फितीवर धातूची आडवी पट्टी असते, तिला क्लॅस्प म्हणतात, आणि खरी गोष्ट तिच्यावर लिहिलेली असते: जम्मू-काश्मीर, गोवा १९६१, लडाख १९६२, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) १९६२. दुसऱ्या मोहिमेसाठी दुसरे पदक नाही, त्याच फितीवर आणखी एक पट्टी. कोरियाची पट्टी निघाली, तर आजोबा त्या युद्धाच्या वेळी तिथे गेलेल्या भारतीय पथकात होते.

पुढच्या युद्धांची पदके जोडीने आली. १९६५च्या लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना 'समर सेवा स्टार'. आणि ५ ऑगस्ट १९६५ रोजी नोकरीत असून १८० दिवसांची सेवा झालेल्यांना 'रक्षा मेडल'. १९७१ला पूर्व आघाडीसाठी 'पूर्वी स्टार', पश्चिमेसाठी 'पश्चिमी स्टार', आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातल्या सेवेसाठी 'संग्राम मेडल'. स्टार पाच टोकांचा, मेडल गोल. म्हणजे रक्षा मेडल आहे पण समर सेवा स्टार नाही, तर आजोबा तेव्हा फौजेत होते, लढाईच्या क्षेत्रात नव्हते. कारगिलच्या वेळीही 'ऑपरेशन विजय स्टार' आणि 'ऑपरेशन विजय मेडल' अशी वेगवेगळी पदके निघाली.

आता क्रम. घरोघरी चूक होते ती इथेच: ६५ची दोन शेजारी, मग ७१ची दोन. दिसते बरोबर, पण क्रम युद्धाच्या सालावर नाही, पदकाच्या दर्जावर ठरतो. आधी समर सेवा स्टार, मग पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, त्यानंतर रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल (खडतर भागातल्या सेवेचे), आणि त्यापुढे नऊ किंवा वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची. शौर्यपदक असेल तर ते या सगळ्यांच्या आधी. मांडणी छातीच्या मध्याकडून, म्हणजे बटणांच्या बाजूने, खांद्याकडे जाते. फिती एका पट्टीवर शिवून घ्याव्यात आणि पदकांच्या खालच्या कडा एका रेषेत आणाव्यात. जागा कमी पडली तर पदके एकमेकांवर सरकवायची. मध्याकडचे पूर्ण दिसायला हवे.

ज्याने कमावली तो डाव्या छातीवर लावतो. समारंभाला पूर्ण पदके, रोजच्या वर्दीवर नुसत्या फिती, मेसच्या संध्याकाळच्या पोशाखावर छोट्या प्रती. आजोबा हयात नसतील आणि शहीद स्मारकावर श्रद्धांजलीला तुम्ही ती लावणार असाल, तर उजव्या छातीवर. बाजू बघूनच जाणकाराला कळते की पदके वारशाची आहेत. आणि फौजी असल्याची बतावणी करायला सैनिकाचे चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.

एखादे पदक डिस्चार्ज बुकात आहे पण ट्रंकेत नाही, असे झाले तर नंबर आणि पलटण लिहून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. जाताना डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स न्या, मूळ प्रत घरीच राहू द्या.