फिल्म शिकायला फॉरेनला जाताय? आधी माझ्या चुका वाचा

परवा सांगलीत विश्रामबागला चहा पीत होतो तर ओळखीतला एक पोरगा आला, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आला तो मोबाईलवर पीडीएफच दाखवायला लागला. बारा दिवस, तीन देश, फिल्म स्कूल व्हिजिट, स्टुडिओ व्हिजिट आणि वर सर्टिफिकेट. "दादा तू गेलावतास न्हवं, जाऊ का मी?" म्हटलं बस खाली. दीड तास बोललो त्याच्याशी. दर वर्षी कोण ना कोण हेच विचारतं आणि मलाही तेच तेच बोलून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी तासगाव तालुक्यातला, घरी द्राक्षबाग, बेदाणा करतो आम्ही. फिल्मचा डिप्लोमा करताना सीझनला लग्नं शूट करायचो, त्यातले साठवलेले निम्मे आणि पप्पांचे निम्मे असे सगळे मिळून सव्वादोन लाख घालून इन्स्टिट्यूटच्या स्टडी टूरला गेलो होतो. टूर कुणाची ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही, कारण बऱ्याच टूर तशाच असतात. बारा दिवसांतले दोन प्रवासात, चार पॅरिसला, दोन फ्रान्समधल्याच लिऑन शहरात आणि उरलेले चार स्वित्झर्लंडच्या बर्फात, कारण घरच्यांना फोटो लागतात. फिल्म स्कूल व्हिजिट म्हणजे काय झालं ऐका. सुट्टी चालू होती, शाळा बंद. गेटसमोर तेवीस जणांचा ग्रुप फोटो काढला आणि बस निघाली. सर्टिफिकेटवर मात्र ती व्हिजिट आहे हां, लॅमिनेशन करून घरी टांगलंय आईनं.

म्हणून पैसे भरायच्या आधी एकच गोष्ट मागा, रोजचं टाइमटेबल तासांसकट. किती तास कुठल्या खोलीत बसायचंय, शिकवणार कोण, कुठल्या भाषेत, इंग्रजी नसेल तर मध्ये दुभाषा आहे का, आणि त्या तारखांना तिथं सुट्टी तर नाही ना. "ते तिथं गेल्यावर ठरेल" असं उत्तर आलं तर समजून घ्या की ती सहल आहे. सहल वाईट नसते, पण मग सहलीचेच पैसे द्या आणि घरी तसं सांगा. आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळणार ते लिहून घ्या. तोंडी नको.

व्हिसाचं आता. फ्रान्स वगैरे शेंगेनमध्ये येतं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट, ९० दिवसांच्या आतलं असेल तर शॉर्ट स्टे व्हिसा, फी ९० युरो, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. किमान ३० हजार युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर अजून तीन महिने तरी चालू पाहिजे. हे सगळ्या चेकलिस्टवर असतं. नसतं ते हे की आपल्याकडं पप्पांचं उत्पन्न शेतीचं, त्यामुळं आयटी रिटर्न भरलेलं नसतं आणि मग सगळे हातपाय गाळतात. आम्ही सातबारा, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, बँकेत आलेल्या त्याच रकमांवर पेनानं खुणा, आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर असं लावलं, झालं काम. एकच चूक होता होता राहिली. खात्यात पैसे कमी दिसतात म्हणून काका म्हणाले मी आठवड्यासाठी तीन लाख टाकतो, नंतर काढून घेऊ. टाकू देऊ नका. एकदम आलेली रक्कम त्यांना लगेच कळते आणि ती कुठनं आली ते विचारलं तर काय सांगणार?

आता माझा गाढवपणा. लग्नाच्या शूटचा माज असतो ना, सगळं सामान पाहिजेच, तसं मी मामेभावाची मोठी व्ही-माउंट बॅटरी, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागं लावायची जड बॅटरी, मागून घेतली, १४.८ व्होल्ट, १५ अँपिअर-अवर. लिथियम बॅटरीचा नियम असा आहे की सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायच्या. त्यातही १०० वॅट-अवरपर्यंतच्या नेता येतात, १०० ते १६० च्या एअरलाइनला विचारून जास्तीत जास्त दोन, आणि १६० च्या वर अजिबात नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, पाचवीचं गणित. माझं आलं २२२. ते मुंबई एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्यानं बॅटरीवरचं लेबल अंगठ्यानं पुसून मला मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. रात्री दोन वाजता बॅटरी घ्यायला तिथं कोण येणार, टाकूनच गेलो. भावाला फोन केला, "दादा, बॅटरी गेली रे." तिकडनं फक्त एवढंच, "यिऊ दे तू परत." अजून हप्ते फेडतोय.

कॅमेरा महागाचा असेल तर जाताना एअरपोर्टवर कस्टमकडनं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर टाकून, बिलं जवळ ठेवून. नाहीतर परत येताना हा कॅमेरा तिकडनंच आणला नाही कशावरून म्हणून ड्युटीचा विषय निघू शकतो. लायनीत वेळ जातो, लवकर पोचा. लाइट तिकडं आपल्यासारखीच ५० हर्ट्झ, म्हणजे शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइटचं फ्लिकर येत नाही, इथली सवय तशीच चालते. फक्त आपली जाड तीन पिनची वायर तिथल्या सॉकेटात बसत नाही, ॲडॉप्टर इथूनच घेऊन जा.

पॅरिसमधल्या दोन फसगती पटकन सांगतो. २६ च्या आतल्यांना म्युझियम फुकट असं सगळे सांगतात, ते युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला १८ नंतर सरकारी म्युझियमला तिकीटच. आणि मेट्रोचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असतो, आम्ही गुरुवारी उतरलो आणि गुरुवारीच हौसेनं काढला, चार दिवसांत संपला. सिनेमाथेक म्हणजे जुने सिनेमे जपणारी आणि दाखवणारी संस्था, तिथं मात्र पैसे द्या आणि आख्खा दिवस द्या. सुरुवातीच्या काळात ट्रिक फिल्म करणाऱ्या मेलिएसचं म्युझियम तिथंच आहे, जादूचे कंदील, जुने कॅमेरे. मेलिएस मुळात जादूगार, स्वतःचं थिएटर असलेला. संध्याकाळी लॅटिन क्वार्टरमधल्या शाम्पोलियाँ गल्लीत जा, छोटीशी गल्ली आणि जुने पिक्चर दाखवणारी तीन थिएटरं. मी तिथं एक मूकपट बघितला, बाहेर पाऊस, आत चाळीसेक माणसं, त्यात सत्तरीच्या आज्ज्या, आणि कुणाचाच मोबाईल पेटला नाही. आपल्या कुठल्या थिएटरात असा पिक्चर मी बघितलेला नाही.

लिऑनला टूरमधली एकमेव खरी कार्यशाळा झाली, अर्धा दिवस. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारलं, तुमच्या गावात पहिलं नाटक-सिनेमा कुठं दाखवला, कुणी केला? मी आपलं बॉलिवूड बॉलिवूड करत बसलो. सांगलीचा माणूस, जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीता स्वयंवर केलं, घरापासनं दोन तासांवर कोल्हापूर जिथं १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिकडं साताऱ्यात वाईजवळ मेणवलीचा घाट, तिथं तर मी स्वतः चार प्री-वेडिंग केलेत आणि 'स्वदेस'चं शूटिंग तिथं झालं हेही माहिती होतं, पण तोंडातनं एक शब्द निघाला नाही. माझ्यानंतर केरळची मुलगी तिच्या आजोबांच्या टुरिंग टॉकीजवर दहा मिनिटं बोलली. लाज वाटली राव. जायच्या आधी आपल्या आसपासचं एवढं तरी वाचून जावा, भावे नाट्यमंदिर काय फक्त गॅदरिंगला नाही बांधलेलं.

त्यानंतर गेलो ते ठिकाण म्हणजे ल्युमिएर भावांच्या, म्हणजे सिनेमाची सुरुवात करणाऱ्या दोन फ्रेंच भावांच्या, फॅक्टरीचा हँगर, मोठी शेडच. मेट्रोच्या डी लाइनवर माँप्लेझिर-ल्युमिएर स्टेशनला उतरायचं, समोर त्यांच्या बापानं बांधलेला वाडा, त्यात म्युझियम, आणि मागं तो हँगर. गल्लीचं नावच 'पहिल्या फिल्मची गल्ली'. १९ मार्च १८९५ ला इथं कॅमेरा लावून फॅक्टरीतनं सुटणारे कामगार शूट केले, पन्नास सेकंदांच्या आतबाहेर. २८ डिसेंबरला पॅरिसला तिकीट लावून दाखवलं आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात, म्हणजे सहा-सव्वासहा महिन्यांत आपल्याकडं.

मला वाटायचं कॅमेरा ठेवला, माणसं बाहेर आली, झाली फिल्म. पण तिथं कळलं की तिच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत गाडीला एक घोडा, एकीत दोन, एकीत घोडाच नाही. आणि जी आपण जास्त बघतो तिच्यात कामगार बायका कामाच्या नाही, रविवारच्या कपड्यांत आहेत. म्हणजे रिटेक! पहिल्याच फिल्मला रिटेक आणि कॉश्च्युम. बाईंनी आम्हाला काम दिलं, त्याच गल्लीत पन्नास सेकंदांचा एक शॉट, कॅमेरा हलवायचा नाही, झूम नाही, एकच टेक. तेवीस जण, लाखालाखाचे कॅमेरे, आणि एकालाही जमेना. कुणाच्या फ्रेममध्ये पन्नास सेकंद काहीच घडत नाही, कुणाचं सगळं पहिल्या पाचात संपतं. मी सायकलवाला येईल म्हणून थांबलो, तो आला एक्कावन्नाव्या सेकंदाला. कॅमेरा हलू न देणारा गिम्बल नाही, स्लो मोशन नाही, ड्रोन नाही, उभं राहून बघायचं फक्त, आणि लग्नाच्या शूटनं माझी तीच सवय घालवलेली.

घरी आल्यावर हार्ड डिस्क उघडली, ३८० जीबी फुटेज. आयफेल टॉवरच एकवीस क्लिप, त्यातही रात्रीच्या लायटिंगवर कॉपीराइट आहे, धंद्यासाठी वापरायचं तर परवानगी लागते. त्यातलं आजपर्यंत वापरलं किती, तर तो एक पन्नास सेकंदांचा शॉट, तोही फसलेला.

दादासाहेब फाळके १९१२ ला लंडनला गेले ते एवढ्याचसाठी, फिल्म शिकायला आणि सामान आणायला. पण जाताना त्यांना फोटोग्राफी येत होती, छपाई येत होती, काय येत नाही तेही पक्कं माहिती होतं. तिथं सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले, स्टुडिओत काम बघितलं, विल्यमसनचा कॅमेरा घेतला आणि दोनेक महिन्यांत परत. आल्यावर आधी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल उगवताना फ्रेम फ्रेम करून शूट केला. त्या पोराला मी तेच म्हटलं, तुला काय येत नाही त्याची यादी काढ, वीस ओळी झाल्या की पीडीएफशी ताडून बघ. त्यानं मोबाईलवर लिहायला घेतलं, चौथ्या ओळीला अडकला. मग चहा घेतला दुसरा.

मी काय केलं, तर आल्यावर दोन आठवड्यांनी कुपवाड एमआयडीसीत गेलो, एका कंपनीच्या गेटसमोर ट्रायपॉड लावला, वॉचमनला सांगून. साडेचारला शिफ्ट सुटते. पहिल्या दिवशी सगळे कॅमेऱ्याकडं बघून हात करायला लागले. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, "कुठल्या चॅनलचं हाय?" तिसऱ्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही, डबे हलवत, मोटारसायकलला किक मारत बाहेर पडली सगळी, एक बाई पदरानं घाम पुसत पुसत फ्रेमच्या मधोमध थांबली आणि मागं वळून कुणाला तरी हाक मारली. बरोबर अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला गेटातनं एक कुत्रं पळत आलं. ल्युमिएरच्या फिल्ममध्येपण कुत्रं आहे. ह्याला मी काही सांगितलं नव्हतं.