माडग्याळी मेंढी विकताय? या चुका टाळा

2020 च्या डिसेंबरात आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली. या जातीच्या पोपटासारख्या बाकदार नाकाची हौस तेव्हापासून आणखी वाढली. फोन आला की लगेच किंमत सांगून मोकळं व्हायचं, ही पहिली चूक इथंच होते. आधी विचारा: गाव कुठलं, पाऊस किती, चारणार काय, घरात कोणी जनावर सांभाळलेलं आहे का?

पावसाचं उत्तर नीट ऐका. माडग्याळी ही सांगली जिल्ह्यातल्या जतच्या कोरड्या माळावरची जात. ती चिपळूणला किंवा पाटणच्या डोंगरात दिली, की ओल्या गोठ्यात खुरं सडतात, ओल्या चाऱ्यातून जंत होतात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते आणि मेंढी खंगत जाते. मग फोन येतो, "दादा, आजारी मेंढी गळ्यात मारलीत!" जमिनीपासून उंच, कोरडा गोठा तयार असेल तरच अशा गिऱ्हाइकाला द्या. नसेल तर सरळ नाही म्हणा, इसार परत द्यावा लागला तरी.

वाळव्याकडच्या गिऱ्हाइकाची तऱ्हा वेगळी. ऊसपट्ट्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात, म्हणून मेंढ्या तेवढ्यावरच पोसायचा बेत असतो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम अंगी लागू देत नाही. दुधावरच्या मेंढीला ते बाधतं. कडबा, तुरीचं भुसकट, मेथीघास जोडीला हवाच. दुसरे हौशी लोक कौतुकानं पहिल्याच दिवशी पाटीभर मका पुढ्यात ओततात. सवय नसलेल्या मेंढीच्या पोटात त्याचं आम्ल होतं, ती बसते आणि दगावूही शकते. म्हणून गाडीत चार दिवसांचा तुमच्याकडचाच चारा टाका आणि खुराक हळूहळू बदलायला बजावून सांगा.

गाभण मेंढीला भाव जास्त मिळतो, म्हणून दिवस भरत आलेली मेंढीसुद्धा छोट्या हत्तीत चढवतात. मेंढीचे दिवस साधारण 150. शेवटच्या महिन्यात धक्के बसले तर गाभडायचा धोका असतो. सौदा ठरवा, पण व्यायल्यावर पाठवा. अंगावर पिणारं कोकरूही तीन महिन्यांच्या आत तोडू नका.

एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "हाच नर आणि ह्या चार मेंढ्या द्या, रंग जुळतोय." नर-मेंढ्यांचा बाप एकच असेल तर देऊ नका, भावाबहिणींची पैदास नको. नर शेजारच्या खांडातून, म्हणजे कळपातून, घ्यायला सांगा. त्यात तुमचा एक सौदा जाईल, जाऊ द्या.

"लस केलीय हो सगळी" हे तोंडी नको. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषार (आतड्यातला विषारी रोग) यांच्या लसीच्या तारखा, जंताचं औषध कधी पाजलं, कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर, सगळं कागदावर द्या. गाडी भरायच्या दिवशी टोचलेली लस वाटेत उपयोगी पडत नाही. ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. नाकाचं कौतुक करून झालं, की ओठ वर करून दात दाखवा. दोन दाती, म्हणजे दोन कायमचे दात आलेली, साधारण वर्ष-दीड वर्षाची. मग कास चाचपून दाखवा, गाठ असेल तर तीही.

महिन्याभरानं स्वतःहून फोन करा. जमत नाही म्हणाला तर मेंढी परत घ्या. पण ती थेट आपल्या खांडात सोडू नका, तीन आठवडे वेगळी बांधा.