झटका मारणाऱ्या रायफलला दुर्बीण बसवताना

माझ्या भाच्याच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्रासारखा वण आहे. पाच टाके पडले होते. डुकराचा सुळा लागला असं लोकांना वाटतं, पण तो वण त्याच्याच रायफलवरच्या दुर्बिणीच्या मागच्या कडेनं केलेला आहे. त्या रात्री नीट काय घडलं आणि ते का घडलं, हे सांगितल्याशिवाय दुर्बीण कशी निवडावी हे सांगता येणार नाही.

मी फौजेत बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. आता जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला, आमची सोळा एकर जमीन बघतो. कापूस, तूर, मागून हरभरा. हरभऱ्याला घाटे लागले की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यासारखं करून ठेवतात. रोही, म्हणजे नीलगायी, येतात ते वेगळेच. भाच्याकडे वडिलांच्या पश्चात नावावर झालेली ३०-०६ काडतुसाची रायफल आहे, रीतसर परवान्याची. वनखात्याची लेखी परवानगीही काढली होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरासाठी ती मिळू शकते. हातात तो कागद नसेल तर बंदूक कपाटातून बाहेर काढायची नाही, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

भाच्यानं दुर्बीण आणली ती ६ ते २४ पटीची, समोरचं भिंग ५० मिलिमीटरचं. मी तराजूवर ठेवली तेव्हा ७४० ग्रॅम भरली, तिला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा सोडून. दुकानदारानं सांगितलं, जेवढी मोठी तेवढी चांगली. मी म्हणालो, बाबा, ही कागदावर लांबून नेम धरणाऱ्याची वस्तू आहे, तुझ्या रायफलची नाही. पण पैसे देऊन झाले होते.

माळ्यावरून पहिली गोळी चाळीस मीटरवर झाडली. नेम खांद्यामागं होता, लागली मागच्या मांडीला. दुसरी घाईत झाडली आणि दुर्बीण भुवईत घुसली. "मामा, हालायलंय हे! कामून हालायलंय?" रक्त पुसत पोरगं एवढंच म्हणत होतं. टॉर्च धरून बघितलं तर दुर्बीण रिंगांमधून बोटाच्या पेरभर पुढं सरकली होती. डुक्कर आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, ओढ्याच्या काठाला बेशरमाच्या जाळीत. वनरक्षक सोबत होते. त्याचा श्वास अजून चालू होता. ते मला आजही विसरता येत नाही. पिकाचं रक्षण करायला गेलो आणि एका जिवाला अठरा तास तडफडवलं, आणि कारण काय, तर चुकीच्या वजनाची दुर्बीण.

वजन इतकं का महत्त्वाचं, ते बघा. गोळी पुढं जाते तशी रायफल मागं येते. साडेतीन किलोच्या आसपासची ३०-०६ सेकंदाच्या पाचशेव्या भागात सेकंदाला जवळपास चार मीटरचा वेग घेते. दुर्बीण मात्र जागच्या जागी राहायला बघते. तिला ओढून मागं न्यायचं काम दोन रिंगा आणि चार बारीक स्क्रू करतात. ढोबळ हिशोब केला तर ३०० ग्रॅमची दुर्बीण त्या क्षणाला साठ किलोच्या जोरानं रिंगांना ओढते. ७४० ग्रॅमची दीडशे किलोच्या घरात जाते. म्हणजे क्विंटलभर तुरीचं पोतं, वर आणखी अर्धं पोतं, साडेतीन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंवर टांगल्यासारखं. तेही दर गोळीला. जुन्या देशमुखी वाड्यांतून अजून एखादी ३७५ मॅग्नम निघते. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूक कंपनीनं १९१२ साली काढलेलं ते काडतूस. त्याचा झटका ३०-०६ च्या जवळपास दुप्पट. तिच्यावर असली अवजड दुर्बीण ठेवणं म्हणजे स्क्रू कातरायची तयारीच.

काही जण म्हणतात, जड दुर्बिणीनं रायफल जड होते आणि झटका कमी बसतो. थोडा कमी बसतो, हे खरं आहे. पण चारशे ग्रॅम वाढवायचेच असतील तर ते दस्त्याच्या पोकळीत घाला, रायफलच्या डोक्यावर नको. वर ठेवलेल्या वजनानं रायफल हातात कलंडते आणि ढेकळांतून चालताना खांद्यावरून सारखी घसरते.

तर निवडायची कोणती? डुक्कर आपण तीस ते ऐंशी मीटरवर बघतो. त्याला १ ते ४ पट किंवा दीड ते ५ पट, समोरचं भिंग २० किंवा २४ मिलिमीटरचं, एवढी दुर्बीण भरपूर आहे. शेत उघडं असेल आणि रोही लांबून बघायचे असतील तर २ ते ७ पट, ३३ मिलिमीटर. याच्या पुढं मी जाणार नाही. लुपोल्ड या अमेरिकी कंपनीची दीड ते ४ पटीची, २० मिलिमीटरची दुर्बीण पावणेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. २ ते ७ पटीची सव्वातीनशेच्या आत. दुसऱ्या कुणाची घेतली तरी चालेल, पण रिंगा सोडून साडेतीनशे ग्रॅम ही माझी हद्द. दुकानात जाताना स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत टाकून न्या. खोक्यावरचा आकडा वाचण्यापेक्षा स्वतः तोलून बघा.

आणि ४ पटीची कायम दुर्बीण, जिची पट बदलत नाही, तिला लोक उगाच जुनाट म्हणतात. बदलत्या पटीच्या दुर्बिणीत आत भिंगं मागंपुढं सरकवणारी जास्तीची यंत्रणा असते. सरकणारं जितकं कमी तितकं झटक्यानं ढिलं व्हायला कमी. माझ्या स्वतःच्या रायफलवर ४ पटीचीच आहे.

पट जास्त असली की नजरेचं मैदान आक्रसतं, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ९ पटीवर शंभर मीटर लांबचं जेमतेम साडेचार मीटर रुंद रान दिसतं. तेच तीस मीटरवर आलं की सव्वा-दीड मीटर. म्हणजे दुर्बिणीत नुसतं काळं केसाळ अंग दिसेल, खांदा कुठला आणि मांडी कुठली ते कळणार नाही, मागं दुसरं जनावर आहे की माणूस तेही नाही. दीड पटीवर त्याच जागी सहा-सात मीटरचं रान डोळ्यासमोर असतं.

आता डोळ्याचं अंतर. दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून किती लांब डोळा ठेवला असता पूर्ण गोल चित्र दिसतं, ते हे अंतर. झटक्याच्या रायफलला ते ९० मिलिमीटरच्या खाली नको, १०० मिळालं तर उत्तम. भाच्याच्या दुर्बिणीचं २४ पटीवर ७५ होतं. बऱ्याच दुर्बिणींत पट वाढवली की हे अंतर आणखी कमी होतं, म्हणून माहितीपत्रकातला सर्वांत लहान आकडा धरायचा. मागच्या कडेला रबराची गोल पट्टी असेल तर बरं, पण त्या पट्टीच्या भरवशावर अंतर कमी घेऊ नका.

मोठ्या भिंगानं अंधारात जास्त दिसतं, हा समज अर्धाच खरा. भिंगाच्या मापाला पटीनं भागा. जो आकडा येतो तेवढ्या जाडीचा उजेड डोळ्यात येतो. ५० ला २४ नं भागलं तर दोन मिलिमीटर. २० ला ४ नं भागलं तर पाच. माणसाच्या डोळ्याची बाहुली तरुणपणी अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयाला पाचच्या आसपास. म्हणजे पहाटे झुंजूमुंजू होताना ४ पटीवरची छोटी दुर्बीण २४ पटीवर ठेवलेल्या त्या मोठ्या नळकांड्यापेक्षा जास्त उजेड देते. आतला क्रॉस मात्र जाड काड्यांचा घ्या, मधे बारीक झालेला. बारीक रेघ पहाटे काळ्या अंगावर विरघळून जाते. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असावा, नाहीतर पौषातल्या दवात आतून धुकं धरतं.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चांगल्या दुर्बिणीही इथंच वाया जातात.

रायफलच्या अंगावर बेससाठी, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीसाठी, भोकं नसतील तर ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाडून घ्यायची नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार त्या कामाचा परवाना असलेल्यानंच करायचे असतात. त्यात भोक एक मिलिमीटर तिरकं गेलं तर रायफल जन्माची गेली. बेस पोलादी असावा. रिंगा जेवढ्या बुटक्या बसतील तेवढ्या बुटक्या. दुर्बीण नळीला फक्त टेकायला नको. गाल दस्त्यावर टेकलेलाच राहिला पाहिजे. मान वर काढून बघावं लागलं तर झटका गालफडाला बसतो.

स्क्रू आणि भोकं अ‍ॅसिटोननं पुसा. तेलाचा अंशही राहू देऊ नका. बेसच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा, एक थेंब. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक कंपन्या १५ ते २० इंच-पाउंड सांगतात. त्यासाठी टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, विकत घ्या किंवा मागून आणा. हाताच्या अंदाजानं आवळू नका. जास्त आवळलं तर अ‍ॅल्युमिनियमची नळी दबते, आतली भिंगाची नळी अडकते आणि नेम सरकवायच्या चाकाच्या टिचक्या फिरवूनही नेम हलत नाही.

शेवटचं आवळण्याआधी डोळ्याचं अंतर ठरवायचं. दुर्बीण सर्वांत जास्त पटीवर ठेवा. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट उघडून बोट घालून. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. गोल पूर्ण दिसला पाहिजे, कडेला काळी सावली नको. मान पुढं-मागं करावी लागली तर दुर्बीण सरकवा, मान नाही. हे उभं राहून करा, बसून करा आणि माळ्यावर पालथं पडून खाली बघत करा, कारण पालथं पडलं की डोळा आपोआप पुढं जातो. आणि जे कपडे घालून राखणीला बसता तेच घाला. आमच्याकडं हरभऱ्याची राखण थंडीतली. स्वेटर आणि वरून घोंगडी घेतली की दस्ता दोन बोटं पुढं येतो. भाच्यानं अंतर दिवाळीत बनियनवर ठरवलं होतं.

आवळून झालं की सुनेच्या नेलपॉलिशची बाटली आणा. रिंगेच्या कडेला, अर्धी रिंगेवर अर्धी दुर्बिणीच्या नळीवर, अशी केसाएवढी रेघ ओढा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरही एक. दुर्बीण कणभर सरकली तर रेघ तुटते आणि ते बोटाच्या नखानंही जाणवतं.

नेम रायफल क्लबच्या रेंजवरच जुळवा. ३०-०६ ची गोळी तीन किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते, माळरानावर डबा ठेवून झाडायची ती वस्तू नाही. आधी २५ मीटरवर, मग १००. पाव मिनिटाची (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) एक टिचकी १०० मीटरवर ७ मिलिमीटर सरकवते, २५ वर दोनाहूनही कमी, तेव्हा जवळून मोजून चौपट टिचक्या द्याव्या लागतात. तीन-तीनच्या गटानं झाडा आणि नळी निवू द्या. नेम जुळला की तिथंच थांबू नका, आणखी वीस गोळ्या झाडा. काडतूस महाग आहे हे मला माहीत आहे. पण झटक्यानं जे ढिलं व्हायचं ते या वीस गोळ्यांत होतं. मग रेघा बघा आणि परत एक गट कागदावर घ्या. गट जागच्या जागी पडला तरच ती रायफल शेतात न्यायची. आणि दुर्बिणीतून माणूस, बैल, दुसऱ्याचं शेत बघायचं नाही. त्यासाठी गळ्यात साधी दोन डोळ्यांची दुर्बीण ठेवा.

भाच्याच्या रायफलवर आता ४ पटीची आहे, रिंगांसकट ३८० ग्रॅम. संक्रांतीच्या आधी परभणीहून रेंजवरून आला आणि तसाच अंगणात उभा राहून म्हणाला, "मामा, नख फिरवून बघा." मी चष्मा लावला, दोन्ही रिंगांवरून नख फिरवलं. अठ्ठेचाळीस गोळ्या झाल्या होत्या. लाल रेघ कुठंच तुटली नव्हती.