चालती गाडी बंद पडली आणि परत स्टार्टच होत नाही? आधी एवढं बघा

मे महिन्यात भर दुपारी फोंड्याहून पणजीला निघालो होतो, बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे गाडी अचानक गप्प झाली, गचका नाही की काही नाही, कुणीतरी स्विच बंद करावा तशी. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. त्यानंतर गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोल पंप, आणि दोष निघाला क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय की नाही हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा पार्ट), म्हणजे दोन पार्टचे पैसे फुकट गेले. म्हणून सांगतो, पार्ट बदलायच्या आधी तपासा.

इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम (पेडल हलकं दाबलं जावं म्हणून इंजिनकडून मिळणारी मदत) एक-दोन दाबातच संपतो, तेव्हा पेडल पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. स्टीअरिंग जड होतं, घाबरू नका, हॅझार्ड लावून डावीकडे घ्या आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल. मग माणसं रस्त्याच्या बाजूला उतरवा, धोक्याचा लाल त्रिकोण मागे पन्नासेक मीटरवर ठेवा, अडचणीची जागा असली तर ११२ ला फोन.

आता आठवा, बंद कशी पडली? गचके देत देत बंद पडली तर बहुतेक पेट्रोलचा प्रश्न, एकदम बंद पडली तर करंटचा. टेम्परेचरचा काटा वर गेला होता तर रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आणि पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर सेल (स्टार्टर) मारूच नका! सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, सरळ टो करा.

पाणी नसेल तर चावी फक्त ऑनला आणा आणि कान द्या. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घुंइं ऐकू येतं, तो पंप. आवाज नाही आला तर फ्यूज बघा, मग पंपाचा रिले (फ्यूजच्या डब्यातला, करंट चालू-बंद करणारा छोटा चौकोनी स्विच) काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून बघा, बऱ्याच गाड्यांत ते सारखेच असतात. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझर (गाडीची चोरीविरोधी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावा.

मग सेल मारा, एका वेळी पाच-दहा सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नुसतं टकटकटक आलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. आपल्याकडे दमट, खारी हवा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, ती घासून, घट्ट करून परत बघा. पण एक लक्षात घ्या, चालत्या गाडीत चांगली बॅटरी अशी उतरत नाही, बंद पडायच्या आधी बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट गेलाय आणि जंप स्टार्ट करून तुम्ही थोडंच अंतर जाल. मल्टीमीटर असेल तर इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं.

इंजिन नेहमीसारखं फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा जरासाही हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, माझ्या गाडीत नेमकं हेच होतं, गरम झाला की मरायचा, थंड झाला की जिवंत. गॅरेजमधल्या स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचा कोड आला तर बराचसा उलगडा झाला, तरी वायर आणि कनेक्टर आधी बघायला लावा. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरतंय असं वाटलं तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ ठेवणारा पट्टा) तुटलेला असू शकतो, तिथेच थांबा, नाहीतर व्हॉल्व वाकतील.

मेकॅनिकला फोन केलात की "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. कशी बंद पडली, कोणता दिवा लागला, पंपाचा आवाज येतो का, आरपीएमचा काटा हलतो का, एवढं सांगितलंत तर तो बरोबर सामान घेऊन येईल. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोरीने ओढू देऊ नका, गाडी वर चढवून नेणारी सपाट फळीची (फ्लॅटबेड) टोइंग गाडीच मागवा.