तंबोरा लावायचा असेल तर आधी खडू शोधा

तंबोरा लावायला मी वर्गात शिकले. वर्ग म्हणजे खरोखरचा, सहावी ब. शाळेच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी गाणं होतं आणि हॉलला लागून असलेला आमचा वर्ग कलाकारांना बसायला दिला होता, हे मला माहीतच नव्हतं. बाकात राहिलेली कंपासपेटी घ्यायला म्हणून घुसले, तर बाकं भिंतीकडे सरकवलेली, मध्ये सतरंजी, आणि ज्यांचा फोटो आमच्या घरी रेकॉर्डच्या कव्हरवर होता ते गृहस्थ तंबोरा आडवा घेऊन खुंटीशी झटापट करत बसलेले. त्यांचं नाव लिहीत नाही. खरंखोटं करायला ते आता नाहीत, आणि नाव सांगितलं की लोक तंबोरा सोडून त्यांच्याबद्दलच विचारत बसतात.

मान वर न करता म्हणाले, "बाळ, खडू आहे का गं?"

तर पहिली गोष्ट खुंटी. तंबोऱ्याच्या खुंटीला आटे नसतात. निमुळतं लाकूड भोकात घट्ट बसतं, एवढ्यावरच तार ताणून राहते. ती सरकायला लागली की तार कितीही वेळा चढवा, हात काढला की खाली येते. अशा वेळी तार सैल करा, खुंटी बाहेर काढा, तिचा जो भाग भोकात घासतो तेवढ्यालाच खडू चोळा आणि आत दाबत दाबत फिरवा. दाबणं महत्त्वाचं, नुसती फिरवली तर पुन्हा सुटते. पावसाळ्यात उलटं होतं, लाकूड फुगून खुंटी अडकते. तिथे जोर करायचा नाही, मागेपुढे हलवत सोडवायची.

सूर लावायच्या आधी घोडीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्या, खालचे चारही तारांचे मणी मधोमध आणून ठेवा. नंतर बारीक फरक त्यांनीच काढायचा आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना जागा हवी. मणी खाली, तार जिथे बांधलेली असते तिकडे सरकवला की सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो.

सुरुवात जोडीच्या तारांपासून, म्हणजे मधल्या दोन. पुरुषांचा षड्ज, म्हणजे सा, बहुधा पेटीच्या काळी एकच्या आसपास, बायकांचा काळी चार-पांढरी पाचच्या. पेटीवर नाहीतर मोबाइलवर तो सूर धरा आणि जोडीतली पहिली तार त्याला मिळवा. इथून पुढे पेटी बंद. मोबाइलही बंद. दुसरी तार पहिलीवरूनच लावायची.

हे मला कसं कळलं ते सांगते. खुंटी बसल्यावर त्यांनी मला भोपळ्याजवळ बसवलं, "कान लाव" म्हणाले आणि दोन्ही तारा पाठोपाठ छेडल्या. "एक आहे की दोन?"

"दोन," मी म्हटलं. ऐकूच येत होतं, आवाज वांव-वांव असा हेलकावत होता.

त्यांनी खुंटी कणभर फिरवली. वांव लांबला. मग मणी. वांव इतका लांबला की मी पुढच्याची वाट बघत राहिले आणि तो आलाच नाही. "आता?" मला उत्तरच देता येईना, कारण एक म्हणावं तर आवाज आधीपेक्षा मोठा झाला होता.

पुढे भौतिकशास्त्रात हेच शिकवलं, विस्पंद या नावाने, आणि अख्ख्या वर्गात मला एकटीलाच ते आधीपासून माहीत होतं. काळी एकचा षड्ज सेकंदाला साधारण १३८.६ कंपनांचा. दुसरी तार १३९.६ वर असेल तर सेकंदाला एक हेलकावा. तीन सेकंदांत एकच ऐकू आला, तर फरक एक तृतीयांश कंपनाचा उरला. म्हणजे स्वरज्ञान नाही म्हणून अडायचं कारण नाही. हेलकावे मोजता आले तरी जोड लागते. तार नेहमी खालून वर आणा. जास्त चढली तर पुरती उतरवून पुन्हा वर या, वरूनच खाली आणून थांबलात तर ती थोड्या वेळाने आणखी उतरते.

मग खरज, म्हणजे शेवटची जाड तार. जोडीच्या बरोबर निम्मी कंपनं. नीट लागला की त्याच्या गुंजनात गांधार, म्हणजे ग, ऐकू येतो. कोणीही न छेडलेला, त्या एकाच तारेतून, पाचपट कंपनांचा. म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पहिल्या दिवशी ऐकू आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मला कित्येक महिने आला नव्हता आणि मी येतो म्हणून सांगत होते.

पहिली तार शेवटी, कारण ती रागावर ठरते. एरवी पंचम, मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून मध्यम, मारवा, पूरियाला निषाद.

आता जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या गुंजणाऱ्या आवाजाचा, दोरा. घोडीच्या पाठीवर, तारेखाली सुती दोरा असतो. तार वाजवत वाजवत तो केसभर पुढेमागे करा. एका जागी आवाज एकदम उघडतो, त्याच्या अलीकडे पलीकडे मुका किंवा चरचरीत. दोरा हलवल्यावर सूर पुन्हा तपासा, मण्याचं काम तिथेच पडतं. आणि घोडीवर तारांच्या खाचा पडल्या असतील तर दोऱ्याने काही होणार नाही, जवारी काढून, म्हणजे घोडीची पाठ पुन्हा नीट घासून, घ्यावी लागते. ते कारागिराचं काम. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) स्वतः वाद्यं दुरुस्त करत, म्हणून मीही एकदा पॉलिश पेपर घेऊन घोडीवर बसले होते. तंबोरा पत्र्यासारखा वाजायला लागला. मिरजेलाच न्यावा लागला, आणि कारागीर काही न बोलता नुसते माझ्याकडे बघत राहिले. सितार-तंबोऱ्यासाठी मिरजेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नजरेलाही मिळायला हरकत नव्हती.

छेडताना पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने. नख लावायचं नाही, बोटाच्या पेराने तार ओढून सोडल्यासारखी. चारही तारांना जोर सारखाच. तबला सुरू झाला की हात त्याच्या लयीत जायला बघतो, तो जाऊ द्यायचा नाही.

लावलेला तंबोरा तसाच स्टेजवर नेऊन गायला बसू नका. दिव्यांच्या उष्णतेने तारा हलतात. जागेवर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग पुन्हा बघा. या वेळी खुंटीला हात नको, मण्यांवरच भागवा.

त्या दिवशी फळ्याखालच्या खोबणीत पांढरा खडू नव्हता. मी टेबलाच्या खणातून गुलाबी काढून दिला होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, "चालेल की," म्हणाले आणि खुंटीला चोळला. कार्यक्रमाला मी सर्वात पुढे जमिनीवर बसले होते. गाण्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण मागे शिष्याच्या हातातल्या तंबोऱ्याची एक खुंटी बुडाशी गुलाबी झाली होती, आणि शेवटपर्यंत ती सरकली नाही.