युरोपची लोकसंख्या आणि आयुर्मान: आकडे वाचताना या चुका टाळा

लोकसंख्या घटली म्हणजे माणसं लवकर मरत असणार, हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. इटली बघा. 2014 नंतर तिथली लोकसंख्या उतरणीला लागली, पण आयुर्मान 83 वर्षांच्या आसपास, युरोपात वरच्या रांगेत. आटले आहेत ते जन्म. जर्मनीत 1972 पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, तरी देश आठ कोटींच्या वरच, कारण बाहेरून येऊन राहणारी माणसं.

म्हणून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हे तिन्ही आकडे आधी वेगळे काढा. बल्गेरियात 1980 च्या दशकाच्या शेवटी सुमारे 90 लाख लोक होते, 2021 च्या जनगणनेत 65 लाख. कामासाठी पश्चिमेकडे गेलेल्या तरुणांची मुलंही तिकडेच जन्मली. गावात उरले आईवडील. त्यामुळे तिथला मृत्युदर चढा दिसतो, तो बराचसा म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढल्यामुळे. देशांची तुलना करताना वयानुसार प्रमाणित केलेला, म्हणजे सगळ्या देशांत तरुण-म्हाताऱ्यांचं प्रमाण सारखंच धरून काढलेला मृत्युदरच घ्या.

मला सर्वांत जास्त खटकते ती आयुर्मानाबद्दलची चूक. बल्गेरियात ते 2019 मध्ये सुमारे 75 होतं, कोविडमुळे 2021 मध्ये 71 च्या घरात आलं आणि 2023 पर्यंत पुन्हा 75 च्या वर गेलं. मग 2021 मध्ये जन्मलेलं बाळ चार वर्षं कमी जगणार का? नाही. त्या एका वर्षातले सगळ्या वयांचे मृत्युदर जन्मभर तसेच राहिले तर किती जगणं होईल, एवढंच तो आकडा सांगतो. अठराव्या शतकातल्या स्वीडनचं आयुर्मान चाळिशीच्याही खाली दिसतं, पण म्हणून तिथे म्हातारे नव्हते असं नाही. पाचातलं जवळपास एक बाळ पहिल्या वाढदिवसाआधी जात असे, आणि ते दुःख सरासरीला खाली ओढत असे. प्रौढांबद्दल बोलायचं असेल तर 65 व्या वर्षी उरलेलं आयुर्मान पाहा.

आलेखात अचानक कडा दिसला तर आधी व्याख्या तपासा. 2020 मध्ये ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपीय संघाचे साडेसहा कोटींहून जास्त लोक कागदावर कमी झाले. जर्मनीत 2011 च्या जनगणनेनंतर अंदाजापेक्षा सुमारे 15 लाख माणसं कमी निघाली. ती मेली नव्हती, देश सोडून गेल्याची नोंद झाली नव्हती.